मिशनरी, शाळा आणि दुसरं दार

मिशनरी हा शब्द निघाला की आमच्या नातेवाइकांत लगेच दोन तट पडतात. एका बाजूला मामा. त्याच्या मते सगळ्या मिशनऱ्यांचा उद्योग एकच, हातात पाटी द्यायची आणि धर्म काढून घ्यायचा. दुसऱ्या बाजूला आत्या. ती नन्सच्या शाळेत शिकली आणि अजूनही रुमालाची घडी तिथे शिकवल्यासारखीच घालते. तिच्या मते त्या बायकांनी जे केलं ते आपल्यातल्या एकालाही जमलं नसतं. हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलेय. दोघांचेही संवाद मला पाठ आहेत, दोघं दमले की मधले मी म्हणू शकते.

नैरोबीत राहायला आल्यापासून मात्र मला या वादाचा कंटाळा यायला लागलाय. कारण मामा आणि आत्या दोघंही शेवटपर्यंत मिशनऱ्याबद्दलच बोलत राहतात. तो चांगला की वाईट, त्याच्या मनात काय होतं, वगैरे. त्या शाळेत जाणारं पोर आणि त्याला पाठवणारे आईबाप या भांडणात कुठे येतच नाहीत. इथे आल्यावर मला पहिल्यांदा त्यांची बाजू वाचायला मिळाली, आणि ती दोन्ही तटांपेक्षा कितीतरी जास्त विचार करायला लावणारी निघाली. म्हणून हे सगळं लिहितेय. जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

नैरोबीपासून वीसेक किलोमीटरवर किकुयू नावाचं गाव आहे. इथल्या मोठ्या जमातीचं आणि तिच्या भाषेचंही तेच नाव. शेजारी थोगोतो. नाव ऐकायला किती अस्सल वाटतं ना? पण ते 'स्कॉट' या शब्दाचं किकुयू जिभेवर झालेलं रूप आहे. स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन १८९८ मध्ये इथे येऊन स्थिरावलं आणि त्या लोकांवरून गावाला नाव पडलं. दवाखाना, शाळा, सुतारकाम, चर्च असा सगळा संसार त्यांनी मांडला. पुढे केनियाचे पहिले अध्यक्ष झालेले जोमो केन्याटा लहानपणी याच मिशनमध्ये अक्षरं आणि सुतारकाम शिकले.

मिशनऱ्यांमध्ये आपसात काय गोडी होती तेही ऐका. १९१३ मध्ये किकुयूलाच वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट मिशनांची परिषद भरली. आपण सगळे मिळून काम करूया असं ठरलं आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं. झालं! झांझिबारच्या बिशपने आपल्याच पंथाच्या दोन बिशपांवर पाखंडाचा आरोप ठेवला आणि प्रकरण थेट इंग्लंडपर्यंत पोचलं. एका पंगतीला बसण्यावरून एवढं रामायण. (आपल्याला हे समजायला फार कष्ट पडू नयेत.) पण त्यातूनही १९१८ मध्ये मिशनांची आघाडी उभी राहिली आणि या आघाडीने १ मार्च १९२६ रोजी शाळा काढली. आघाडीची शाळा म्हणून नाव अलायन्स हायस्कूल. आफ्रिकन मुलांना माध्यमिक शिक्षण देणारी केनियातली ही पहिली शाळा.

शाळेचे दुसरे मुख्याध्यापक होते एडवर्ड केरी फ्रान्सिस, १९४० ते १९६२. हा माणूस मला कोड्यात टाकतो. केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापकवर्गातला माणूस, पीटरहाउस कॉलेजचा फेलो. लिटलवूड या मोठ्या गणितज्ञाच्या जोडीने अनंत श्रेढींवर उदाहरणांचं पुस्तक लिहिलेला. आयुष्यभर तिथल्या हिरवळीवर चालत प्रमेयं सोडवता आली असती. त्याऐवजी १९२८ मध्ये हा मिशनतर्फे पश्चिम केनियातल्या मासेनोच्या शाळेत आला आणि पोरांना अंकगणित शिकवायला लागला. त्यांच्यासाठी अंकगणिताची पाठ्यपुस्तकं लिहिली, ती पूर्व आफ्रिकेत पुढे कित्येक वर्षं चालली. लग्न केलं नाही. पोरांबरोबर फुटबॉल खेळला. परत गेला नाही.

आणि शाळेतला दिवस? घंटेने उठायचं. आपली खोली आपण झाडायची. मग तपासणी, कवायतीसारखी रांग, खाकी चड्डी-शर्ट नीट आहे की नाही ते बघणार. प्रार्थना. वर्ग. मैदान. संध्याकाळी अभ्यास, ठरल्या वेळी दिवे बंद. आवारातली कामं मुलांनीच करायची, कारण शिकलेल्या मुलाला हाताने काम करायची लाज वाटता कामा नये असं फ्रान्सिसचं ठाम मत. वर्षातून एकदा शेक्सपिअरचं नाटक. रविवारी चर्च, आणि मोठी मुलं आसपासच्या गावांत जाऊन लहान पोरांना रविवारच्या शाळेत बायबलच्या गोष्टी शिकवणार. म्हणजे प्रसाराचं काम गोऱ्या साहेबापेक्षा जास्त करून पोरंच करत. शाळेचं बोधवाक्य होतं की सेवेसाठी बळकट व्हा. शिकवणारा माणूस स्वतः तसाच राहत असल्यामुळे ते वाक्य पोकळ वाटत नसणार.

इथपर्यंत वाचून आत्या खूष झाली असेल. मामा, थांब, तुझी पाळी आता येते.

शाळा निघून तीनच वर्षं झाली होती तेव्हाची, १९२९ ची गोष्ट. किकुयू समाजात मुलींची सुंता करण्याची प्रथा होती. मिशनऱ्यांचा तिला विरोध होता आणि स्पष्टच सांगते, त्यांचा विरोध शंभर टक्के बरोबर होता. त्यांच्या दवाखान्यांत त्या प्रथेने जखमी झालेल्या, बाळंतपणात मरणाऱ्या मुली रोज येत होत्या. आज केनियात ही प्रथा कायद्याने गुन्हा आहे, २०११ चा स्वतंत्र कायदा आहे. पण मिशनऱ्यांनी केलं काय? ही प्रथा सोडल्याची शपथ घ्या, नाहीतर चर्चमध्ये आणि शाळेत जागा नाही असा दंडक घातला. थोगोतोच्या स्कॉटिश मिशनने घातला, पलीकडच्या किजाबेच्या अमेरिकन मिशननेही घातला.

आणि आईबापांनी पोरं काढून घेतली. वर्गच्या वर्ग रिकामे पडले. वातावरण इतकं तापलं की जानेवारी १९३० मध्ये किजाबेला एका वयस्कर अमेरिकन मिशनरी बाईंचा खून झाला.

याच्या पुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या आईबापांनी मिशनच्या शाळेतून पोरं काढली त्यांनी त्यांना गुरं वळायला परत पाठवलं नाही. त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. वर्गणी काढून, माती तुडवून, गवताने शाकारून. मिशनकडून शिकून तयार झालेलेच मास्तर या शाळांवर आले. किकुयू स्वतंत्र शाळा म्हणून त्या ओळखल्या गेल्या. काहींनी आपलं स्वतंत्र चर्चही काढलं, म्हणजे त्यांचं भांडण येशूशी नव्हतंच! इंग्रजी शिकवा असा तर त्यांचा आग्रह सरकारी शाळांपेक्षाही जास्त. मग १९३९ मध्ये या शाळांना शिक्षक पुरवायला गिथुंगुरी इथे अध्यापक महाविद्यालय निघालं. ते काढणारे म्बियू कोइनांगे हे अलायन्सचेच विद्यार्थी, अमेरिकेत शिकून परत आलेले. आणि युद्ध संपल्यावर तिथले प्राचार्य झाले केन्याटा. थोगोतोच्या मिशनमधला तोच सुतारकाम शिकलेला मुलगा.

हे वाचलं तेव्हा मला आपले जोतिबा आठवले. तेही पुण्याला स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले, १८४१ ते १८४७. ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनऱ्यांचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही आणि १८४८ मध्ये स्वतःची मुलींची शाळा काढली. शाळा घेतली आणि बाकीचं सविनय परत केलं. पुणे आणि थोगोतो यांच्यामध्ये पन्नासेक वर्षं आणि एक समुद्र आहे, पण शिकवायला आलेलं मिशन स्कॉटलंडचंच आणि शिकलेल्यांची हुशारीही त्याच जातीची.

तेव्हा मामाच्या म्हणण्यावर माझं उत्तर असं, की मिशनऱ्याच्या मनात धर्मांतर होतं हे खरंच आहे, त्याने ते लपवलंही नव्हतं. पण मनात काय होतं यावरून शाळेचा निकाल लावू नये. आईबाप भोळे नव्हते. आपल्याला काय हवंय आणि काय नकोय हे त्यांना चांगलं कळत होतं. आणि आत्याला उत्तर असं, की शिकवणारा कितीही त्यागी असला तरी त्यावरूनही निकाल लावू नये. माझ्यापुरती मी एक साधी कसोटी ठरवलीय. त्या पोराला दुसरं दार होतं का? ही शाळा सोडून, तिच्या अटी नाकारून, दुसरीकडे शिकता येत होतं का? दुसरं दार उघडं असेल तर मिशनची शाळा ही एक देणगी आहे, आवडली तर घ्या. ते बंद असेल तर तीच शाळा, तोच त्यागी मास्तर, तीच प्रार्थना, या सगळ्याचं वजन बदलतं.

आणि इथे ते दार बंद झालं. ऑक्टोबर १९५२ मध्ये माउ माउच्या बंडामुळे ब्रिटिश सरकारने आणीबाणी पुकारली आणि किकुयू लोकांच्या या स्वतंत्र शाळांना टाळी लागली, काही सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या. गिथुंगुरीचं महाविद्यालय बंद करून तिथे कैद्यांची छावणी केली आणि बंडखोरांना फाशी दिलं. ज्या शाळेसाठी बायकांनी डोक्यावरून दगडमाती वाहिली तिथे फाशी!

या काळात अलायन्समध्ये शिकलेला एक मुलगा पुढे जगप्रसिद्ध लेखक झाला, न्गुगी वा थियोंगो. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत दिवसचे दिवस दुसरं काही नव्हतं. त्यांची शाळाच अशी सरकारने ताब्यात घेतलेली होती. १९५५ मध्ये ते अलायन्सला आले. लिमुरूहून किकुयू म्हणजे किती लांब, रेल्वेने काही स्टेशनं. पण किकुयू माणसाला प्रवासाला परवाना लागायचा आणि तो त्यांच्याकडे नव्हता. शेवटी एका दयाळू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना मालगाडीत बसवून पाठवलं. देशातल्या सर्वात नावाजलेल्या शाळेत मुलगा मालगाडीतून पोचला.

पहिलं सत्र संपलं. नवा गणवेश घालून मुलगा घरी निघाला, तर गावच जागेवर नाही. घरं पाडलेली, कुंपणं जळालेली. सरकारने त्या काळात दहा लाखांहून जास्त माणसं उठवून पहाऱ्यातल्या नव्या वस्त्यांत कोंबली, त्यात त्यांचं गाव होतं. सख्खा भाऊ जंगलात बंडखोरांबरोबर. आणि हा सुट्टी संपली की परत शाळेत. घंटा, तपासणी, प्रार्थना, शेक्सपिअर. शाळेच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक २०१२ मध्ये आलं, त्यात ही शाळा म्हणजे आसरा आणि फाटकाबाहेर शिकारी कुत्री अशी भावना भरून राहिली आहे. तरी फ्रान्सिसबद्दल ते कडवट लिहीत नाहीत, हे मला विशेष वाटलं. फ्रान्सिस माउ माउच्या विरोधात होता, पण सुरक्षा दलांच्या अत्याचारांबद्दलही गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. साम्राज्यावर त्याची श्रद्धा होती आणि समोरच्या काळ्या मुलावरही तितकीच होती. या दोन श्रद्धा एकमेकींना कापतात हे त्याला दिसत होतं का, कोण जाणे. मला वाटतं नसावं. स्वतःबद्दल कधीच शंका न येणारी माणसं खूप काम करतात आणि त्यांच्याबरोबर राहणाऱ्याचा दम काढतात. (आमच्या ओळखीत अशी दोन आहेत, नावं सांगत नाही.)

नावावरून आठवलं. न्गुगींची पहिली कादंबरी १९६४ मध्ये आली तेव्हा मुखपृष्ठावर नाव होतं जेम्स न्गुगी. जेम्स हे बाप्तिस्म्याचं. पुढे त्यांनी ते टाकून दिलं आणि इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणंही सोडून किकुयूत लिहायला लागले. फ्रान्सिसचे मासेनोचे विद्यार्थी ओगिंगा ओडिंगा यांनी आपल्या मुलांना इंग्रजी नावं द्यायला नकार दिला, बाप्तिस्मा आफ्रिकन नावानेच द्या म्हणून चर्चशी भांडले. खरं तर नाव बदलायला हवं असं त्या धर्मात कुठे आहे? आपले नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तरी नारायण वामन टिळकच राहिले आणि त्यांचं कोणाचं काही अडलं नाही.

मामाच्या बाजूने अजून एक मुद्दा देते, त्याला तो माहीत नाही. किजाबेला त्याच अमेरिकन मिशनची रिफ्ट व्हॅली अकॅडमी नावाची मोठी निवासी शाळा आहे. १९०६ मध्ये सुरू झालेली. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीला आले होते, त्यांच्या हस्ते कोनशिला बसवली. ही शाळा कोणासाठी? मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी. अनेक दशकं तिथे आफ्रिकन मुलांना प्रवेश नव्हता. सगळी माणसं देवाची लेकरं असं दिवसभर शिकवायचं आणि आपली लेकरं संध्याकाळी वेगळ्या वर्गात! रोजच्या जगण्यातली ही गोष्ट मला सगळ्या प्रवचनांपेक्षा बोलकी वाटते.

पण मामा, इतक्यात टाळ्या वाजवू नकोस. कारण आता आपली पाळी.

वसाहतीच्या काळात केनियात तीन प्रकारच्या शाळा होत्या. गोऱ्यांच्या, एशियनांच्या म्हणजे आपल्या, आणि आफ्रिकनांच्या. आपण लोक १८९६ पासून रेल्वे बांधायला आलो, मग दुकानं थाटली, मग देवळं, जिमखाने, शाळा. गुजरात्यांच्या, शिखांच्या, इस्माइलींच्या, गोवेकरांच्या. गोवेकरांचे डॉक्टर रिबेरो तर नैरोबीत चक्क झेब्र्यावर बसून पेशंट बघायला जायचे, त्यांच्या नावाची शाळा गोवेकरांसाठी निघाली. या शाळा छान होत्या. पण त्या आपल्याच पोरांसाठी होत्या. दुकानात मीठ-साखर बांधून देणाऱ्या आफ्रिकन माणसाच्या पोराने कुठे शिकायचं हा प्रश्न आपल्याला बहुतेक पडलाच नाही. अपवाद आहे. गांधीजींच्या स्मरणार्थ इथल्या भारतीयांनी निधी जमवला, तो सगळ्या वंशांच्या मुलांना घेणाऱ्या महाविद्यालयात घातला आणि त्यातूनच पुढे नैरोबी विद्यापीठ उभं राहिलं. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण शाळेच्या पातळीवर, चिखलात उतरून, दुसऱ्याच्या पोराची पाटी पुसायला कोण गेलं? आपल्याला धर्मप्रसार करायचा नव्हता हे खरं. म्हणून आपण काहीच केलं नाही हेही खरं. आपला कोणताही अंतस्थ हेतू नव्हता याचं फारसं कौतुक मला आता वाटत नाही.

मिशनरी अजूनही येतात. विमानतळावर दिसतात, एकसारखे टी-शर्ट घातलेले वीस-पंचवीस अमेरिकन तरुण, पाठीवर चर्चचं नाव. दोन आठवडे राहतात, एखाद्या शाळेची भिंत रंगवतात, पोरांना गाणी शिकवतात, खूप फोटो काढतात आणि जातात. मुलं गोड असतात, रांगेत आपली जागा देतात. मी त्यांना हसणार नाही. पण रंगाऱ्याचं काम इथे मिळत नाही म्हणून हातावर हात धरून बसलेले लोक मला रोज दिसतात, त्यामुळे ती भिंत कोणासाठी रंगवली हा प्रश्न पडतो. या मुलांशेजारी फ्रान्सिसला उभं केलं की तो हट्टी म्हातारा मला फार मोठा वाटायला लागतो. तो फोटो काढायला आला नव्हता. अडतीस वर्षं राहिला.

अलायन्स आता सरकारी शाळा आहे. प्रवेशासाठी देशभरातली मुलं झटतात. आमच्या गाडीचा ड्रायव्हर मुलाचा निकाल लागायच्या आधी महिनाभर त्या एकाच नावाचा जप करत होता. त्या शाळेचा इतिहास त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्याच्या आजोबांचं गावही तेव्हा उठवलं गेलं होतं. मी त्याला विचारलं, मग त्याच शाळेत का? तो म्हणाला, "मॅडम, शाळेने काय केलं? शाळा चांगली आहे." आणि सिग्नल सुटला.

फ्रान्सिस १९६२ मध्ये मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी केनिया स्वतंत्र झाला, त्याचे विद्यार्थी मंत्री झाले, ओडिंगा तर उपाध्यक्ष. गोरे अधिकारी चंबूगबाळं आवरून जात होते. हा नैरोबीतल्या पुमवानी या गरीब वस्तीतल्या शाळेत साधा शिक्षक म्हणून रुजू झाला आणि १९६६ मध्ये मरेपर्यंत गणित शिकवत राहिला. मी पुमवानीवरून बऱ्याचदा जाते, बाजार तिथून जवळ पडतो.

त्याची अंकगणिताची पुस्तकं मला अजून बघायला मिळालेली नाहीत. नात्यातलं किंवा ओळखीतलं कोणी साठच्या दशकात पूर्व आफ्रिकेत असेल आणि माळ्यावर 'हायवे अरिथमेटिक' पडलेलं असेल तर कृपया रद्दीत घालू नका, मला कळवा. पोस्टाचा खर्च मी देईन.